पाळीवरचा माधव

आमचा चिंतामणी तलावाचा दरोगा होता. दरोगा म्हटलं की तुम्हांला वाटेल कमरेला तलवार नि पुढेमागे शिपाई. हात्तिच्या! तसलं काही नाही. बरखेड्याच्या तलावाची पाळ सांभाळायची, मोरीचं दार उघडायचं नि लावायचं, पाळीवरचं रान काढायचं, ही त्याची दरोगागिरी. हातात विळा, डोक्याला मुंडासं आणि पाय कायम चिखलाचे. वडील धारच्या दरबारात कारकून, थोरले दोघे भाऊ कचेरीत पांढऱ्या अंगरख्यात, आणि हा धाकटा मातीत. आई म्हणायची, याला बैठकीवर बसवलं की याच्या पायांना मुंग्या येतात.

माळव्यात दुष्काळ पडत नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं संवत छप्पनच्या साली बंद झाली. लोक झाडपाला खायला लागले. तेव्हा दरबाराने धारहून नालछ्याच्या वाटेवर, जरा आत वळून बरखेड्याला नाला अडवून तलाव बांधायला काढला, म्हणजे लोकांच्या हाताला काम आणि पोटाला भाकरी. चिंतामणीला तिथे हजेरी घ्यायला धाडलं. हजेरी राहिली बाजूला, हा आपला टोपल्या उचलायला लागला. पाळ पुरी झाली, पाऊस पडला, माणसं आपापल्या गावी गेली. हा काही परत आला नाही. तिथेच दरोगा म्हणून राहिला आणि बायकोलाही नेलं.

मी याची थोरली बहीण, देवासला दिलेली. देवासात राजे दोन, थोरली पाती नि धाकटी पाती; माझं सासर थोरल्या पातीतलं. यजमान गेले आणि सासरी माझी कोणाला गरज उरली नाही. एक दिवस चिंतामणी बैलांची दमणी घेऊन दारात उभा. "अक्का, ऊठ, चल," एवढंच म्हणाला. मी उठले. तेव्हापासून पाळीच्या टोकाशी असलेल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: तो, त्याची बायको रुक्मिणी आणि मी.

आल्या आल्या मी त्याला धारेवर धरलं. "एवढं पाणी उशाशी घेऊन झोपायचं होय रे? तुझी ती मातीची पाळ फुटली म्हणजे?"

तो हसला नि सकाळी मला पाळीवर घेऊन गेला. "अक्का, ही दगडं दिसतात ना, ही पाणी अडवत नाहीत. ही नुसता लाटांचा मार खातात. पाणी अडवते ती पोटातली काळी माती. खडक लागेस्तोवर चर खणला, त्यात काळी माती घातली, भिजवली आणि थरावर थर तुडवली. माणसांनी, बैलांनी, शेळ्यांनी."

"शेळ्यांनी?"

"अगं, शेळीचा खूर लहान. अंगाचा सगळा भार तेवढ्याशा जागेवर. माती अशी बसते की विचारू नकोस."

"आणि वर जेमतेम गाडी जाईल एवढी, नि तळाशी एवढी ऐसपैस कशाला?"

"पाणी जितकं खोल तितकं जोरात ढकलतं. तलाव किती लांब पसरलाय याचं त्याला काही नाही. तळाशी जोर जास्त, म्हणून तळाशी अंग जास्त." मग त्याने मला पलीकडच्या टोकाचा सांडवा दाखवला. पाळीपेक्षा खाली ठेवलेला दगडी उंबरा, जास्तीचं पाणी तिकडून नाल्यात जायचं. मातीच्या पाळीवरून एकदा का पाणी गेलं की घटकाभरात पाळ वाहून जाते, म्हणून सांडवा. आणि शेतांना पाणी द्यायला तळाशी मोरी. "पाण्याला दोन वाटा द्याव्या लागतात, अक्का. मोरी आपल्या सोयीची, सांडवा त्याच्या सोयीचा. तिसरी वाट त्याने आपली आपण शोधली की संपलं."

बोलायला लागला की हा असा. पण खोटं नव्हतं. मोरीच्या पाटावर गहू झाला, ऊस झाला, अफूची पांढरी फुलं माघात डोळे निववायची. श्रावणात नाला खालच्या झोपड्यांत शिरायचा, तो शिरेनासा झाला. खालच्या विहिरींना पाणी चढलं आणि बायकांचे दोर आखूड झाले. गावचा पटेल भेराजी आमच्या दारावरून जाताना पाळीला हात जोडून जायचा.

चिंतामणीचा एक नेम होता. रोज सकाळी अंघोळीआधी तांब्या घेऊन पाळीच्या पायथ्याला उतरायचा. तिथे थोडं पाणी झिरपून येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, पाळ फुटली म्हणून. तर म्हणतो, "मातीची पाळ थोडी पाझरायचीच. पाझरू दे. पाणी स्वच्छ हवं. गढूळ आलं तर समजायचं की ते आतली माती घेऊन निघालंय." तांब्या भरायचा, उजेडात धरायचा, ओतून द्यायचा. मग घरी येऊन अंघोळ.

आता माधवचं सांगते. रुक्मिणीला दोन मुलं झाली, दोन्ही तान्हेपणी गेली. पुढे काही नाही. धारला एका पुराणिकांनी तिला सांगितलं, अश्वत्थ लावा, पोटच्या पोरासारखा वाढवा, आठव्या वर्षी त्याची मुंज करा. पिंपळाची मुंज आपल्याकडे करतातच. तिने पिंपळाचं रोप आणलं आणि लावलं कुठे? पाळीवर, अगदी मध्यावर! का, तर स्वयंपाकघराच्या दारातून दिसतो. आणि खड्डा कोणी खणला? आमच्या दरोग्याने!

हा माणूस पाळीवर बाभळीचं बोटभर रोप दिसलं की तिच्या सात पिढ्या उद्धरायचा. उंदराचं बीळ दिसलं की जेवण टाकून धावायचा. झाडाचं मूळ पाळीच्या पोटात गेलं की पाण्याला वाट होते, हे त्यानेच मला सांगितलेलं. मी म्हटलं, "बाभळीवर विळा आणि पिंपळाला तांब्या, हा कुठला न्याय?" तर मान खाली घालून म्हणतो, "अक्का, तो लहान आहे."

कर्म माझं! रुक्मिणीने त्याचं नाव माधव ठेवलं. वाढदिवसाला ओवाळायची, थंडीत बुंध्याला जुनं लुगडं गुंडाळायची. गावातले लोकही जाता येता "कंई हाल है, माधोभिया?" म्हणून विचारायला लागले. मी मात्र 'झाड' म्हणायची. झाडाला झाडच म्हणणार ना माणूस? रुक्मिणी म्हणायची, "वन्सं, एकदा तरी नावाने हाक मारा की." मी म्हणायची, "ओ दिलीन् तर मारीन."

बघता बघता झाडाला आठवं लागलं. वैशाखातला मुहूर्त ठरला. रुक्मिणी दिवाळीपासूनच तयारीला लागली, लंगोटीचं कापड काय, मेखलेचा गोफ काय. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरी कार्य व्हायचं होतं. मी कुरकुरत होते, पण तिला गाणं गुणगुणताना ऐकलं की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मार्गशीर्षात तलाव काठोकाठ होता. एका सकाळी चिंतामणी पायथ्याहून आला तो तांब्या तसाच भरलेला घेऊन. ओट्यावर ठेवला, अंघोळ केली, जेवला, आणि दुपारी येऊन तांब्यात डोकावला. मीही डोकावले. पाणी वर निवळलं होतं आणि तळाला काळ्या मातीचा साका बसला होता.

"कुठलं रे?"

"मधलं," एवढंच म्हणाला. मध्यावर काय उभं आहे ते मला कोणी सांगायला नको होतं.

पौषात गव्हाला पाणी सुटलं, तलाव उतरला आणि ती झिरप आपोआप थांबली. मला वाटलं, सुटलो बाबा. पण हा आणखीच गप्प. जेवणावर लक्ष नाही, पाळीवर गेला तरी मध्यापर्यंत जायचा नाही, अलीकडूनच वळायचा. शेवटी एक दिवस मी त्याच्या हातातला विळा काढून घेतला. "बोल मेल्या, काय ते बोल!"

मग बोलला. मूळ काळ्या मातीत शिरलं होतं. त्याच्या कडेने पाणी वाट काढत होतं नि कण कण माती नेत होतं. तलाव उतरला म्हणून थांबलं. पुढच्या भादव्यात पुन्हा भरला की ती वाट मोठी होणार. "आणि पाळीखाली बरखेडं आहे, अक्का."

"मग काप झाड."

"कापून भागत नाही. मूळ आत कुजलं की त्याची नळीच होते. मुळासकट खणून काढायला हवं. आणि वैशाखात मुंज. मुंज झालेल्या पिंपळाला हात कोण लावील? मी तर नाही लावणार. म्हणजे बोलायचं ते आत्ताच." त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "तिला कसं सांगू?"

"मी सांगते."

"नको. मीच सांगेन."

आणि सांगितलं नाही. रोज सांगेन म्हणायचा, रोज तोंड फिरवायचा. शेवटी रुक्मिणीनेच विचारलं. जेवणं होऊन आम्ही बसलो होतो. "माधवकडे इकडचं जाणं का बंद झालंय? आणि तो फडताळावरचा तांब्या घासू का देत नाहीत मला?"

त्याने तांब्या खाली काढला. तळाचा साका वाळून चिकटला होता. तो त्याने बोटाने काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

तिने ती माती चिमटीत चुरून बघितली. मग म्हणाली, "दरोगा असून माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग लावू का दिलंत?"

ती उठून आत गेली आणि जी रडली, जी रडली! चूल मीच पेटवली. माझीही आसवं राखेत पडत होती. मी दोघांवर चिडले होते आणि दोघांसाठी माझा जीव तुटत होता. पण उपाय काय ते मला सुचत नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. रुक्मिणी जायला तयार नव्हती, मी ढकलून पाठवली. खाली भेराजी पटेलाच्या घरी त्याच्या सुनेने आपलं तान्हं बाळ तिच्या मांडीवर दिलं. ही अंगणात बसलेली, बाळ मांडीवर, आणि सहज वर बघितलं. आमच्या दारातून पाळ म्हणजे नुसती माधवच्या पायाखालची जमीन. तिथून बघितलं तर पाळ घरांच्या वर उभी होती, आणि तिच्या माथ्यावर माधव. हे तिने मला घरी येऊन सांगितलं. तिचे डोळे कोरडे होते.

मग म्हणाली, "वन्सं, मुंज झाली की मुलगा कुठे जातो?"

"कुठे जातो म्हणजे? गुरूच्या घरी जातो."

"मग माधवही जाईल," ती म्हणाली. "मुंज इथे होईल. इथून तो जाईल."

चिंतामणीने धारला निरोप धाडला. ओव्हरसियर जयसिंगराव घोड्यावरून आले. मोठे रागीट, पण कामाला पक्के. पाळ पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाहिली आणि चिंतामणीला असं झापलं की मी दाराआड पदर चावला. "दुसरा असता तर आजच घरी बसवला असता! पण दरोगा, स्वतःहून कळवलंत, तेवढ्यावर सोडतो." मग तोडायला माणसं बोलवा म्हणाले. भेराजीने हात जोडले. "हुजूर, पीपल पे कुल्हाड़ो म्हारा गाम में कोई नी चलावे. पाळ जाय तो जाय."

रुक्मिणी अधिकाऱ्यासमोर कशी बोलणार? ती दारामागून मला सांगायची, मी बाहेर सांगायची. मी सांगितलं, कापायचं नाही, मुळासकट काढून सांडव्यापलीकडे महादेवाच्या देवळाशी न्यायचं, तिथे खडकाळ जमीन आहे, पाळीला धक्का नाही. गुरुगृही पाठवायचं.

जयसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. "पिंपळ चिवट असतो, जगेलही. पण फांद्या उतरवल्याशिवाय एवढं झाड जगणार नाही. नि फांद्यांना कोण हात लावणार? पटेल तर ऐकत नाहीत."

मी मागे वळून पाहिलं. रुक्मिणीने डोळे पुसले आणि या खेपेस मला न सांगता सरळ दारातूनच बोलली. "मुंजीत क्षौर असतंच ना?"

भेराजीने क्षणभर विचार केला, आणि त्याचा चेहरा खुलला. "हओ, मुंडन तो करनोज पड़े!"

झालं. जयसिंगराव सुद्धा हसले.

वैशाखात तलाव तळाला गेला होता. मुहूर्ताला धारचे भटजी आले, माझे दोघे भाऊ पांढऱ्या अंगरख्यात आले, सगळं बरखेडं पाळीवर लोटलं. मी विधवा बाई, मांडवात पुढे कशी जाणार? घराच्या ओट्यावरून बघत होते, पण मला सगळं दिसत होतं. आधी मातृभोजन. मुंजीआधी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो ना, ते. रुक्मिणी बुंध्याशी ताट घेऊन बसली. एक घास मुळाशी ठेवायची, एक स्वतः खायची. ताट संपलं, मग न्हावी पुढे झाला. त्याने वस्तरा बुंध्याला नुसता टेकवला, आणि भेराजीने स्वतः कुऱ्हाड घेऊन फांद्या उतरवल्या, हलक्या हाताने, प्रत्येक फांदीला नमस्कार करून. मग जानवं, मेखला, लंगोटी. भिक्षावळीला गावातल्या बायांनी बुंध्याशी गव्हाची रास लावली. हा त्याच तलावाच्या पाण्यावरचा गहू.

दुसऱ्या दिवशी खणायला लागले. सारं गाव. मुळं थेट काळ्या मातीत गेली होती, चिंतामणीने म्हटलं होतं तशीच. बारीक मुळीसुद्धा त्याने आत राहू दिली नाही, पोटावर पालथा पडून हाताने काढायचा. मातीच्या गड्ड्यासकट झाड ओल्या गोणपाटात बांधलं, लाकडी घसरगाडीवर चढवलं आणि बैलजोड्या लावल्या. निघताना चिंतामणीने बुंध्यावर हात ठेवला आणि पोरासारखा रडला. त्याला बायको समजावत होती, बोला!

मग पाळीतला तो खड्डा. पायऱ्या पायऱ्यांनी रुंद खणून घेतला, म्हणजे जुनी माती नि नवी माती एकमेकींत बसावी. काळी माती आणली, भिजवली, थर टाकला, शेळ्या सोडल्या. शेळ्यांमागून बाया तुडवायला उतरल्या. रुक्मिणी कमरेला पदर खोचून सगळ्यांच्या आधी उतरली. जिथे माधव उभा होता तिथे ती गुडघाभर चिखलात उभी राहून माती तुडवत होती, थरावर थर, खड्डा भरून पाळीला मिळेपर्यंत. जयसिंगराव वरून पहारीने टोचून बघत होते. शेवटी म्हणाले, "आता पक्की."

पाऊस आला. तलाव चढू लागला. चिंतामणी पायथ्याला रोज दोनदा जायला लागला. पलीकडे देवळाशी माधव नुसता खुंट होऊन उभा. पान नाही, अंकुर नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. रुक्मिणी रोज बघून यायची नि मुकाट कामाला लागायची. मला वाटायचं, गेलं झाड. पण तिला कोण सांगणार?

भादव्यात तलाव भरला आणि सांडवा वाहायला लागला. त्या सकाळी मी दारातच उभी होते. चिंतामणी पायथ्याहून तांब्या घेऊन आला, ओट्यावर ठेवला, आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती बसून राहिलो. दुपारी डोकावलो. तळाचं पितळ लखलखीत दिसत होतं. साका नाही, कण नाही. चिंतामणीने डोळे मिटून घेतले. बरखेडं वाचलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला.

रुक्मिणीने तांब्या उचलला आणि बाहेर निघाली. बाहेर पावसाची झड लागलेली.

"अगं ए, निघालीस कुठे?"

"माधवला घालून येते."

"या पावसात झाडाला पाणी? वेड लागलं का तुला?"

ती उंबऱ्यात थांबली. "वन्सं, हे त्याच्या घरचं पाणी आहे," म्हणाली आणि गेली.

मला राहवेना. मी डोक्यावर घोंगडी घेतली आणि निघाले तिच्यामागून. सांडव्याच्या खालच्या अंगाने, नाल्यावरच्या साकवावरून वळसा घेऊन देवळाशी गेले. ती खाली वाकून मुळाशी पाणी ओतत होती, तिचं लक्ष मातीकडे. मी तिच्या डोक्यावर घोंगडी धरायला गेले आणि माझी नजर बुंध्यावर गेली. छाटलेल्या फांदीच्या खाली, सालीतून, नखाएवढं काहीतरी तांबूस बाहेर आलं होतं. आधी मला खरंच वाटेना. बोट लावून पाहिलं. पान होतं.

"रुक्मिणी!" मी ओरडले. "अगं बघ, बघ, माधवला पान फुटलं!"

तिने वर पाहिलं. पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पावसात भिजत हसत होती नि रडत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही त्याला माधव म्हणालात."

"मग काय म्हणू?" मी म्हटलं. "मुंज झालेला मुलगा आहे."